जॅकी मॅक्लीन : वाजवणारा आणि घडवणारा

न्यूयॉर्कमध्ये १९४० पासून १९६७ पर्यंत एक जाचक नियम होता. जिथे दारू मिळते अशा क्लबात वाजवायचं किंवा गायचं, तर पोलिसांकडून 'कॅबरे कार्ड' घ्यावं लागे. बोटांचे ठसे द्यायचे, फोटो द्यायचा आणि कार्ड जवळ बाळगायचं. एखादा कलावंत अमली पदार्थांच्या प्रकरणात सापडला की कार्ड जप्त होई. बिली हॉलिडेचं कार्ड गेलं, थेलोनियस मंकचं गेलं, चार्ली पार्करचंही गेलं. ज्या शहरात जॅझ वाढला, त्याच शहरात त्याच्या बिनीच्या कलावंतांना काम मिळेनासं झालं. ऑल्टो सॅक्सोफोन वाजवणाऱ्या जॅकी मॅक्लीनवरही १९५०च्या दशकात हीच वेळ आली. तेव्हा तो विशीत होता, घरी बायको-मुलं होती आणि हेरॉइन सुटत नव्हतं.

पुढे हाच माणूस विद्यापीठात प्राध्यापक झाला. आफ्रिकन-अमेरिकन संगीताचा स्वतंत्र विभाग त्यानं उभा केला. गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बायकोच्या साथीनं एक कलाकेंद्र काढलं. जॅझच्या इतिहासात त्याचं वादक म्हणून नाव पक्कं आहे. शिक्षक म्हणून त्यानं केलेलं काम मात्र बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदात उरकलं जातं. मला हे अन्यायाचं वाटतं. वादक म्हणून त्याला जे मिळालं आणि जे भोगावं लागलं, त्या दोन्हींचा हिशेब त्यानं शिकवण्यातून चुकता केला. म्हणून त्याचं वादन आणि शिकवणं या प्रकरणात एकाच धाग्यानं सांगायचं आहे.

शुगर हिलची शाळा

जॅकीचा जन्म १७ मे १९३१चा, न्यूयॉर्कचा. वडील जॉन मॅक्लीन गिटारवादक होते, टायनी ब्रॅडशॉच्या वाद्यवृंदात वाजवत. जॅकी लहान असतानाच, १९३९मध्ये ते गेले. तो वाढला हार्लेमच्या शुगर हिल भागात. हार्लेममधल्या त्यातल्या त्यात सुस्थितीतल्या कृष्णवर्णीयांची ही वस्ती. ड्यूक एलिंग्टनसारखे बडे लोक इथेच राहत. जॅकीच्या सावत्र वडिलांचं रेकॉर्डचं दुकान होतं, त्यामुळे बाजारात आलेलं नवं संगीत त्याच्या कानावर लगेच पडे.

त्याला पहिलं वाद्य मिळालं ते सोप्रानो सॅक्सोफोन. सॅक्सोफोन दिसतो पितळी, पण त्याची गणना लाकडी सुषिर वाद्यांत होते, कारण त्यात आवाज निर्माण होतो तो वेताच्या पातळ पट्टीच्या, म्हणजे रीडच्या, कंपनातून. अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिरानं १८४६मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सोप्रानो, ऑल्टो, टेनर, बॅरिटोन ही त्याची नेहमीची भावंडं. सोप्रानो सगळ्यांत उंच सुराचा, बॅरिटोन सगळ्यांत खर्जातला. काही काळानं जॅकीच्या हाती ऑल्टो आला, पण त्याचा जीव जडला होता टेनरवर. लेस्टर यंग, बेन वेब्स्टर, डेक्स्टर गॉर्डन हे त्याचे आदर्श. ऑल्टोचा तेव्हाचा गोड, गुळगुळीत आवाज त्याला रुचत नसे. मग त्यानं चार्ली पार्कर ऐकला आणि ऑल्टोवर काय करता येतं ते त्याला उमगलं. पुढे आयुष्यभर तो ऑल्टो वाजवत राहिला, पण टेनरचा जडपणा आणि धार त्या आवाजात कायम राहिली.

एक दिवस दुकानात एक मुलगा आला. आपला थोरला भाऊ बड पॉवेल, असं त्यानं सांगितलं. पॉवेल म्हणजे त्या काळच्या नव्या संगीताचा अव्वल पियानोवादक. जॅकीचा आधी विश्वास बसेना. पण तो मुलगा, म्हणजे पुढे स्वतः नावाजलेला पियानोवादक रिची पॉवेल, त्याला घरी घेऊन गेला. त्यानंतर जॅकी त्या घरचाच झाला. बड वाजवी, जॅकी ऐके, मग त्याच्याबरोबर वाजवून पाही. लिहून दिलेले धडे नव्हते आणि परीक्षाही नव्हत्या. शेजारपाजारची पोरं तरी कोण होती? टेनर वाजवणारा सॉनी रॉलिन्स, पियानोवादक केनी ड्र्यू, ड्रमर आर्ट टेलर. शाळकरी वयात हे एकत्र वाजवत आणि पुढे सगळेच जागतिक कीर्तीला पोचले. एकाच मोहल्ल्यातून इतकं कसब निपजलं याचं कारण साधं आहे. शिकवणारे, ऐकणारे आणि बरोबरीनं झुंजणारे, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर होते.

पार्करच्या डोळ्यांसमोर

या पोरांना भुरळ घातली होती ती बीबॉपनं. १९४०च्या दशकातल्या या शैलीची गंमत समजून घ्यायची तर आपल्या रागसंगीताशी ताडून पाहता येतं. राग एकदा उभा राहिला की त्याची चौकट शेवटपर्यंत तीच राहते आणि गायक तिच्यात खोल उतरत जातो. बीबॉपमध्ये पायाखालची जमीनच हलत असते. पियानो आणि बास दर दोन-चार मात्रांनंतर कॉर्ड बदलतात, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ बदलतात. वादकानं त्या प्रत्येक बदलाचं भान ठेवून तत्क्षणी नवी सुरावट रचायची, तीही बऱ्याचदा भन्नाट लयीत. कसोटी बोटांची असते, त्याहून अधिक डोक्याची.

५ ऑक्टोबर १९५१ रोजी वीस वर्षांचा जॅकी माइल्स डेव्हिसबरोबर स्टुडिओत गेला. त्याचं हे पहिलं मोठं ध्वनिमुद्रण. ट्रम्पेटवर डेव्हिस, टेनरवर रॉलिन्स, ड्रमवर आर्ट ब्लेकी. आणि काचेपलीकडच्या दालनात खुद्द चार्ली पार्कर येऊन बसलेला. ज्याची एकेक जागा घोटून घोटून आपण वाजवायला शिकलो, तो माणूस समोर बसून ऐकतोय म्हटल्यावर जॅकीची तारांबळ उडाली. तरीही त्या दिवशीचं 'डिग' आज ऐकताना एक घाईचा, तिखट, हट्टी आवाज उठून येतो. लाँग प्लेइंग रेकॉर्ड तेव्हा नवी होती. जुन्या तबकडीच्या तीन मिनिटांच्या मर्यादेतून सुटल्यामुळे वादकांना ऐसपैस वाजवता आलं. 'डिग' सात मिनिटांच्या वर जातं.

'डिग' ही रचना जॅकीचीच, पण श्रेय लागलं डेव्हिसच्या नावावर. तिची घडण बीबॉपमधल्या नेहमीच्या युक्तीची आहे. 'स्वीट जॉर्जिया ब्राउन' या जुन्या लोकप्रिय गाण्याचा कॉर्डचा क्रम तसाच ठेवायचा आणि त्यावर नवीकोरी चाल बसवायची. हक्क चालीवर असे, कॉर्डच्या क्रमावर कुणाची मालकी मानली जात नसे. शिवाय क्रम सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला असल्यामुळे सगळं लक्ष नव्या सुरावटीवर देता येई. रचनाकार म्हणून जॅकीचा हात असा बसत गेला.

पार्करशी त्याची ओळख वाढली. पार्कर कधी त्याचं वाद्य मागून नेई, कधी स्वतःच्या जागी त्याला वाजवायला पाठवी. पण पार्करच्या वादनाबरोबर त्याचं व्यसनही त्या पिढीनं उचललं. हार्लेममध्ये तेव्हा हेरॉइन सहज मिळत होतं आणि देव मानलेला माणूसच ते घेत होता. जॅकी विशी गाठण्याआधीच त्यात अडकला. १२ मार्च १९५५ रोजी पार्कर गेला, अवघा ३४ वर्षांचा.

मिंगसचा धडा

पार्कर गेल्यावर अमेरिकाभर ऑल्टोवादकांची एकच गत झाली. सगळेच पार्करसारखे वाजवत होते आणि पार्करइतकं कुणालाच जमत नव्हतं. जॅकीही त्यांतलाच एक होता. त्याला यातून बाहेर काढलं बासवादक आणि रचनाकार चार्ल्स मिंगसनं.

जानेवारी १९५६मध्ये मिंगसनं 'पिथेकॅन्थ्रोपस इरेक्टस' ध्वनिमुद्रित केलं. विषय होता माणसाची उत्क्रांती, त्याचा अहंकार, ऱ्हास आणि विनाश. मिंगसनं वादकांच्या हाती लिहिलेलं संगीत दिलंच नाही. तो स्वतः वाजवून दाखवी आणि वादकांनी ते कानानं उचलावं अशी अपेक्षा ठेवी. कॉर्डचा ठरलेला आधार हवा म्हणून धडपडणाऱ्या जॅकीला त्यानं तो आधार नाकारला. काही भागांत तर एकच स्वरचौकट लांबवर चालू राहते आणि वादकांनी किंकाळीपासून हुंदक्यापर्यंत हवं ते वाजवावं अशी मोकळीक आहे. पार्करच्या पाठ केलेल्या जागा इथे उपयोगाच्या नव्हत्या. पार्करसारखं वाजवणं सोड, तुला तुझा आवाज आहे, हे मिंगसचं सांगणं होतं.

मिंगसचा संताप प्रसिद्ध होता. दोघांमध्ये एकदा मारामारीपर्यंत मजल गेली आणि जॅकी आर्ट ब्लेकीच्या 'जॅझ मेसेंजर्स'मध्ये दाखल झाला. पण तो धडा त्यानं आयुष्यभर जपला. ब्लेकीकडून दुसरा धडा मिळाला: तरुणांना हाताशी धरायचं, वाजवता वाजवता तयार करायचं आणि तयार झाले की पुढे पाठवायचं. हे दोन धडे जॅकीच्या पुढच्या अध्यापनाचा पाया ठरले.

कार्ड नसलेला वादक

कॅबरे कार्ड नसल्यानं जॅकीला न्यूयॉर्कच्या क्लबांतून नियमित कमाई मिळेना. तुरुंगवासही घडला. अशा वेळी दोन दारं उघडी राहिली. एक नाटकाचं. नाट्यगृहाला कॅबरे कार्ड लागत नसे. १९५९मध्ये 'लिव्हिंग थिएटर' या संस्थेनं जॅक गेल्बरचं 'द कनेक्शन' रंगमंचावर आणलं. हेरॉइनची वाट पाहत बसलेल्या माणसांचं हे नाटक. त्यात जॅकी रंगमंचावर वाजवे आणि भूमिकाही करी. संगीत फ्रेडी रेडचं होतं. हे नाटक लंडनला गेलं आणि त्यावर चित्रपटही निघाला. जे आयुष्य तो जगत होता, तेच रोज प्रेक्षकांसमोर मांडत होता.

दुसरं दार स्टुडिओचं. 'ब्लू नोट' ही आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ या जर्मनीतून आलेल्या दोन मित्रांची कंपनी. ध्वनिमुद्रणाआधीच्या तालमीचेही ती पैसे देई, त्यामुळे वादक नव्या, अवघड रचना बसवून आणू शकत. १९५९ ते १९६७ या काळात जॅकीनं ब्लू नोटसाठी एकामागून एक रेकॉर्ड केल्या: 'न्यू सॉइल', 'ब्लूजनिक', 'इट्स टाइम', 'डीमन्स डान्स'. क्लबाबाहेर ठेवलेल्या वादकाचं उत्तम काम अशा रीतीनं आपल्यासाठी शाबूत राहिलं. पण त्या कार्डाचे उपकार मानायचं कारण नाही. रोज रात्री श्रोत्यांसमोर वाजवून जे घडलं असतं, ते कायमचं हुकलं.

या सगळ्यांत १९ मार्च १९६२ रोजी मुद्रित झालेली 'लेट फ्रीडम रिंग' सावकाश ऐकण्यासारखी आहे. चार रचनांपैकी तीन जॅकीच्या आणि एक बड पॉवेलची. तिन्ही घरच्या माणसांसाठी: मुलगी मेलोनी, मुलगा रेने आणि आई. पहिलीच रचना, 'मेलडी फॉर मेलोनी', तेरा मिनिटांहून मोठी आहे. तीत भराभर बदलणाऱ्या कॉर्डऐवजी एकेक स्वरसप्तक बराच वेळ टिकून राहतं. त्या मोकळ्या जागेत जॅकी आधी छोटे छोटे तुकडे टाकतो, थांबतो, तोच तुकडा वळवून पुन्हा मांडतो. आणि मग एकाएकी वाद्याच्या नेहमीच्या पल्ल्याच्या वर जाऊन एक उंच, चिरकणारा स्वर लावतो. बोटांची नेहमीची ठेवण तिथे पुरत नाही. ओठांची पकड आणि फुंक यांवर तो स्वर पेलावा लागतो. पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं. दुसऱ्यांदा ऐकताना कळतं, की तो स्वर आधीच्या सगळ्या तुकड्यांचं टोक आहे.

त्याच्या सुराबद्दलही सांगायला हवं. जॅकीचा सूर किंचित चढा लागतो. शुद्ध सुराचे संस्कार झालेल्या आपल्या कानाला तो आधी खटकतो. पण ते नकळत होत नाही, सगळ्या वादनभर तो चढेपणा सारखाच असतो. त्यामुळे संथ, प्रेमळ चालीतही एक कडवट कड राहते. अर्ध्या मिनिटात ओळखू यावा असा आवाज जॅझमध्ये फार थोड्यांना लाभला, आणि जॅकी त्यांतला एक आहे.

ब्लेकीचा धडाही इथेच वापरात आला. १९६२च्या अखेरीस जॅकीनं बॉस्टनमध्ये टोनी विल्यम्स हा ड्रमर ऐकला आणि त्याला न्यूयॉर्कला आणलं. वय १७. त्याला आणि व्हायब्राफोनवादक बॉबी हचर्सन, ट्रॉम्बोनवादक ग्रेशन मंकर या तरुणांना घेऊन एप्रिल १९६३मध्ये 'वन स्टेप बियाँड' झालं. काही आठवड्यांत माइल्स डेव्हिसनं टोनीला आपल्या पथकात ओढलं आणि त्या मुलानं पुढे जॅझमधलं ड्रमवादनच बदलून टाकलं. तयार झालेला पोरगा जाऊ द्यायचा असतो, हे जॅकीला ठाऊक होतं. मंकरच्या रचना जॅकीच्या स्वतःच्या वळणाहून वेगळ्या होत्या, तरी आपल्या नावाच्या रेकॉर्डवर त्यानं त्या पुढे केल्या.

हार्टफर्ड

१९६०च्या दशकातच जॅकी व्यसनातून बाहेर आला. १९६८मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड विद्यापीठाच्या हार्ट संगीत महाविद्यालयात तो शिकवू लागला. त्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि कला अभ्यासक्रमात हव्यात अशी मागणी अमेरिकेतल्या विद्यापीठांतून जोर धरत होती. हार्ट महाविद्यालयाची घडण मात्र पाश्चात्त्य अभिजात संगीताची. जॅझ तिथे फार तर जोडविषय मानला गेला असता.

जॅकीनं सुरुवात इतिहासापासून केली. आफ्रिकेतलं संगीत, गुलामांच्या जहाजांतून ते अमेरिकेत कसं आलं, शेतांतली कष्टाची गाणी, चर्चमधली भक्तिगीतं, ब्लूज, न्यू ऑर्लिन्स, स्विंग, बीबॉप, अशी ही वाट. वादन शिकायला आलेल्या मुलाला हे सगळं कशाला, असा प्रश्न पडू शकतो. जॅकीचं उत्तर त्याच्या आयुष्यातच होतं. शुगर हिलवर त्याला हा वारसा श्वासासारखा मिळाला होता. वर्गात येणाऱ्या मुलाच्या शेजारी बड पॉवेल राहत नाही, म्हणून तो वारसा त्याला समजून-उमजून द्यावा लागतो. १९८०मध्ये त्याच्या प्रयत्नांतून आफ्रिकन-अमेरिकन संगीताचा स्वतंत्र विभाग आणि त्याचा पदवी अभ्यासक्रम उभा राहिला. विभागाचं नाव त्यानं निव्वळ जॅझपुरतं ठेवलं नाही, यातही हाच विचार दिसतो.

पण विद्यापीठात पोचतो तो मुलगा आधीच पुष्कळ अडथळे ओलांडून आलेला असतो. हार्टफर्ड हे विमा कंपन्यांचं शहर. त्याचा उत्तर भाग मात्र गरिबीनं आणि अमली पदार्थांनी पोखरलेला. तिथल्या मुलांचं काय? १९७०मध्ये जॅकी, त्याची पत्नी डॉली, बासवादक पॉल ब्राउन, नृत्यांगना शेरिल स्मिथ आणि चित्रकार आयोनिस मार्टिन यांनी मिळून 'आर्टिस्ट्स कलेक्टिव्ह' काढलं. संगीत, नृत्य, नाटक, चित्रकला, पुढे मार्शल आर्ट्सही. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी आफ्रिकी परंपरेतून घेतलेला संस्कारविधीही तिथे सुरू झाला. जॅकीच्या दौऱ्यांच्या काळात, आणि त्याच्या पश्चातही, संस्थेचा गाडा हाकला तो डॉलीनं. निधी जमवणं, शिक्षक मिळवणं, मुलांच्या घरच्यांशी बोलणं ही न दिसणारी कामं तिनं अनेक दशकं केली. १९९९मध्ये संस्थेला अल्बनी अव्हेन्यूवर स्वतःची प्रशस्त इमारत मिळाली.

या केंद्राचा हेतू प्रत्येक मुलाला वादक बनवण्याचा नव्हता. ज्या वयात जॅकीच्या हाती सुई आली, त्या वयात या मुलांच्या हाती वाद्य, कुंचला किंवा नाटकाची संहिता असावी, आणि संध्याकाळी जायला एक हक्काची जागा असावी. आपल्याला वस्तीनं जे दिलं ते या मुलांपर्यंत पोचवायचं आणि वस्तीनं जे हिरावलं त्यापासून त्यांना राखायचं, असा त्या कामाचा अर्थ मी लावतो.

शिष्य आणि शिक्षक एका मंचावर

आर्टिस्ट्स कलेक्टिव्ह आणि हार्ट महाविद्यालय मिळून एक सलग वाट तयार झाली. हार्टफर्ड परिसरात वाढलेला सॅक्सोफोनवादक जिमी ग्रीन त्या वाटेनं घडला आणि आज स्वतः विद्यापीठात शिकवतो. ट्रॉम्बोनवादक स्टीव्ह डेव्हिस जॅकीचा विद्यार्थी. १९८९च्या सुमारास तो आर्ट ब्लेकीच्या 'मेसेंजर्स'मध्ये गेला, म्हणजे तीन दशकांपूर्वी गुरू जिथे घडला त्याच पथकात. पुढे तोही हार्टमध्ये शिकवू लागला. एब्रहम बर्टन, वेन एस्कॉफरी, एरिक मॅकफर्सन ही आणखी काही नावं.

जॅकी विद्यार्थ्यांना नुसतं वर्गात शिकवून सोडत नसे, आपल्या पथकात घेई. मुलगा रेने हाही सॅक्सोफोनवादक. १९८८च्या 'डायनॅस्टी'त बापलेक एकत्र वाजवतात. १९९२च्या 'रिदम ऑफ द अर्थ'मध्ये स्टीव्ह डेव्हिस ट्रॉम्बोनवर, एरिक मॅकफर्सन ड्रमवर आणि साठी ओलांडलेला जॅकी त्यांच्या मधोमध. या रेकॉर्डवर तो तरुणांना सांभाळून घेत नाही, त्यांच्यावर तुटून पडतो आणि त्यांनाही तसंच करायला भाग पाडतो.

२०००मध्ये विद्यापीठानं त्यानं उभारलेल्या विभागाला 'जॅकी मॅक्लीन इन्स्टिट्यूट ऑफ जॅझ' हे नाव दिलं. २००१मध्ये त्याला 'जॅझ मास्टर' हा अमेरिकेतला या क्षेत्रातला मोठा राष्ट्रीय सन्मान मिळाला. ३१ मार्च २००६ रोजी हार्टफर्डमध्येच त्याचं निधन झालं.

जॅझ महाविद्यालयांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: तिथून बाहेर पडणारे सगळे एकसारखे वाजवतात, सफाई असते पण ओळख नसते. हा आक्षेप सरसकट खोटा नाही. वर्गात तंत्राची मोजदाद करता येते, आवाजाच्या वेगळेपणाची येत नाही. म्हणून परीक्षेत तंत्राला भाव मिळतो. जॅकीच्या कामातून या आक्षेपाला एक उत्तर मिळतं. मुलाला इतिहास सांगा, म्हणजे आपण कुणाच्या खांद्यावर उभे आहोत हे त्याला कळेल. त्याला अनुभवी माणसांबरोबर वाजवू द्या, म्हणजे चुकण्याची भीती जाईल. आणि मिंगसनं जॅकीकडे जी मागणी केली, तीच त्याच्याकडे करा: दुसऱ्यासारखं वाजवून भागणार नाही. या तीन गोष्टी करायला तयार असलेला शिक्षक मिळाला, तर इमारत विद्यापीठाची आहे की गल्लीतल्या घराची, यानं फारसा फरक पडत नाही.